उन्हाळा, घाम आणि तुरटीचा खडा

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. अकोल्यात दुपारी पारा ४४ अंशांपर्यंत चढत होता. संध्याकाळी दवाखाना उघडला तेव्हा पहिल्याच रुग्ण होत्या ७६ वर्षांच्या एक काकू. सोबत सून. काकूंना हात वर उचलता येत नव्हता. दोन्ही काखांतील त्वचा भाजल्यासारखी लाल झाली होती, मध्ये मध्ये सोललीही होती. सून संकोचून म्हणाली, “मॅडम, खाण्याच्या सोड्यात लिंबू पिळून लावत होत्या. आठ दिवस झाले, आम्हांला सांगितलंच नाही.” काकू भिंतीकडे पाहत हळूच म्हणाल्या, “भजनात शेजारची बाई सरकून बसली. तेव्हापासून मी जाणंच सोडलं.”

वाचकहो, अंगाला घामाचा वास येणे हा काही आजार नव्हे. परंतु त्यापायी माणसे किती एकटी पडतात, हे मी गेली अनेक वर्षे पाहत आले आहे. वय वाढले की स्वतःची घ्राणशक्ती मंदावते, त्यामुळे आपल्या अंगाला वास येतो आहे हे वृद्धांना पुष्कळदा कळतच नाही. कळते ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून, आणि ते फार लागते. मग कोणी सांगितलेला घरगुती उपाय गुपचूप सुरू होतो.

खरे पाहता ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखा व जांघा यांतील ग्रंथींमधून जो किंचित दाट स्राव येतो, त्याचे तेथील सूक्ष्म जिवाणू विघटन करतात आणि त्यातून तो उग्र दर्प निर्माण होतो. वाढत्या वयात या ग्रंथींचे काम मंदावते. तरीही म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांना, उशीला एक निराळाच वास येतो, असे घरचे सांगतात. तो त्यांचा भ्रम नव्हे. त्वचेवरील स्निग्ध पदार्थांचा हवेशी संयोग होऊन ‘नोनेनाल’ नावाचे द्रव्य तयार होते व उतारवयात त्याचे प्रमाण वाढते, असे जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. हा वास अस्वच्छतेचा नाही, तेव्हा त्यावरून कोणाला टोचून बोलू नये. तो तेलकट स्वरूपाचा असल्याने नुसत्या पाण्याने जात नाही. मान, कानांमागचा भाग, छाती आणि पाठ सौम्य साबणाने धुवावी लागते. उशीचे अभ्रेही वरचेवर बदलून कडक उन्हात वाळवावेत.

आता सोड्याविषयी. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तेच तिचे कवच असते. सोडा अल्कधर्मी असल्याने ते कवच मोडतो. तरुणाची त्वचा हे काही दिवस सोसते. सत्तरीतील पातळ, कोरडी त्वचा सोसत नाही. लिंबाचा रस तर आम्लामुळे झोंबतोच, शिवाय तो अंगावर असताना ऊन लागले की त्वचेवर फोड येऊन काळे डाग पडू शकतात. बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच दुर्गंधनाशकांतही हाच सोडा आणि तीव्र सुगंधी तेले असतात. वेष्टनावर पाने-फुले छापलेली दिसली, तरी घटकद्रव्यांची यादी वाचावीच.

मग निसर्गातले काय वापरावे? माझे उत्तर साधे आहे: तुरटी. न्हाव्याकडे दाढी झाल्यावर गालांवरून फिरतो तोच खडा. तुरटीने जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि त्वचा किंचित आवळली जाते. घाम मात्र ती फारसा थांबवत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो तिचा मोठाच गुण आहे. स्नानानंतर काख टिपून घ्यावी, गुळगुळीत खडा पाण्यात बुडवून चार-पाच वेळा हळुवार फिरवावा आणि वाळू द्यावे. वाळल्यावाचून कपडा चढवू नये. खड्याची धार बोचत असेल तर तो आधी पाण्यात थोडा झिजवून घ्यावा. प्रत्येकाचा खडा वेगळा असावा. चिरलेल्या, सोललेल्या किंवा नुकतेच केस काढलेल्या त्वचेवर तुरटी लावू नये; झोंबते.

ज्यांचे हात थरथरतात किंवा जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्यासाठी पेलाभर पाण्यात सपाट चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यात मऊ सुती कापड भिजवावे व पिळून काखेत टिपावे. हे पाणी एका दिवसापुरतेच करावे. ते पिण्याच्या पाण्यासारखेच दिसते, म्हणून उशाशी तांब्याजवळ कधीही ठेवू नये. विस्मरणाचा त्रास असलेल्या घरात तर हे विशेष सांभाळावे.

तुरटीत अ‍ॅल्युमिनियम नसते असे जे सांगतात, ते चूक आहे, ते असतेच. घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतील अ‍ॅल्युमिनियममुळे कर्करोग होतो, याला मात्र भक्कम पुरावा मिळालेला नाही. ज्यांची मूत्रपिंडे फार अशक्त आहेत किंवा ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी तुरटीसुद्धा आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

वाळा, उगाळलेले चंदन, गुलाबपाणी यांना माझा विरोध नाही. स्नानाच्या शेवटच्या तांब्यात वाळ्याचे पाणी असेल तर मन प्रसन्न होते, आणि मन प्रसन्न होणे हेही औषधच. पण काखेतील जिवाणूंचा बंदोबस्त त्याने होईल, अशी अपेक्षा धरू नये. टाल्कम पावडर घामात मिसळून वळ्यांमध्ये अक्षरशः चिखल करते. खोबरेल तेल हातापायांना उत्तम. काखेत आणि जांघेत मात्र ते ओल धरून ठेवते. कपड्यांबाबत म्हणाल तर कृत्रिम धाग्याचा ब्लाउज किंवा बनियन धुऊनही वास सोडत नाही. सुती कपडा घ्यावा आणि उन्हाळ्यात तो दिवसातून दोनदा बदलावा.

पुष्कळ जण विचारतात, घामच बंद करणारे काही द्या. काखेपुरते तसे प्रसाधन वापरल्याने मोठा अपाय होत नाही. पण घाम हा वैरी आहे ही समजूत वाईट. ४४ अंशांच्या हवेत शरीराचे तापमान घामानेच आवरले जाते, आणि उतारवयात घाम येण्याची क्षमता आधीच कमी झालेली असते. घामाच्या भीतीने पाणी कमी पिणारी माणसे मी पाहिली आहेत. वारंवार लघवी होण्यावरील काही औषधांनीही घाम कमी येतो. अशी औषधे घेणाऱ्या व्यक्तीचे अंग भर उन्हाळ्यात तापलेले, कोरडे लागले आणि ती असंबद्ध बोलू लागली, तर तिला लगेच सावलीत घ्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

त्या काकूंकडे पुन्हा वळते. काखांवर सोड्याने झालेली जखम मलमाने पाच-सहा दिवसांत भरली. परंतु तपासताना मी स्तनांखालच्या वळ्याही पाहिल्या. तिथे बुरशीचा मोठा संसर्ग होता. वास मुख्यतः तिथून येत होता. रक्तातील साखर तपासली, तीही वाढलेली निघाली. काखेत कितीही तुरटी फिरवली असती, तरी हा वास गेला नसता. म्हणून वास नव्याने सुरू झाला असेल, तर आधी वळ्या, जांघा, बेंबी, पायांच्या बोटांमधील जागा उजेडात पाहाव्यात. हिरड्या आणि कवळीही पाहावी. लघवी नकळत होते आहे का, हे एकांतात आणि हळुवारपणे विचारावे. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले खाजेचे मलम आणून लावू नये. त्याने बुरशी दबल्यासारखी वाटते आणि पुढे अधिक पसरते. आणि घाम अचानक दरदरून सुटला, तो गार असला, सोबत छातीत दडपण किंवा थरथर असली, तर तो प्रश्न दुर्गंधीचा नसतो. मधुमेह असेल तर साखर उतरलेली असू शकते, नाहीतर हृदयाचे दुखणे असू शकते. तिथे विलंब नको.

सुनेने मला बाहेर येऊन विचारले, “मॅडम, हे आईंना सांगायचं कसं?” मी म्हटले, चारचौघांत नको, आणि ‘वास येतो’ असे तर नकोच. ‘आई, उन्हाळा फार आहे, आजपासून तुमची पाठ मी धुऊन देते,’ एवढेच म्हणा. पाठ धुता धुता वळ्या पुसून कोरड्या करता येतात, त्वचा पाहताही येते. तिने तसेच केले. जून लागला तेव्हा काकू साखरेच्या तपासणीसाठी पुन्हा आल्या. गुरुवारची वेळ देऊ लागले, तर म्हणाल्या, “गुरुवारी नको. भजन असतं.”