खापरांवरून मडके, तुकड्यांवरून कण

आपल्या नेवाशाला प्रवरेकाठी 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. असे खोदताना अख्खे मडके क्वचित, खापरेच जास्त मिळतात. मग कोणते खापर कोणत्या मडक्याचे, हे ठरवत बसावे लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत नवे कण शोधणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. तिथल्या 27 किलोमीटर घेराच्या यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात. टकरीतून उडालेला क्वार्क मोकळा राहत नाही. क्षणात त्याच्या जागी अनेक कणांचा झोत दिसतो. यालाच जेट म्हणतात. उपकरणाला सापडतात ते तुकडे.

आता एकाच टकरीत कुणी दोन झोत मोजले आणि कुणी तीन, तर विश्वास कुणावर ठेवायचा? जुन्या काही पद्धतींत हा दोष होताच. एखादा क्षुल्लक कण मध्ये आला की मोजणीच बदले. 2008 साली गॅव्हिन सलाम व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'अँटी-केटी' नियम मांडला. जोरकस कणाभोवती ठरलेल्या अंतरातले बारीक कण आधी जोडायचे. बारक्या कणांनी मग हिशेब ढळत नाही. सर्नच्या मोठ्या प्रयोगांनी हाच नियम स्वीकारला.

त्यांपैकी सीएमएस प्रयोगात झोतांची निसटती ऊर्जा पकडणारा बाहेरचा थर भारतीयांनी उभारला. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था पुढे होती, हे मुलांना जरूर सांगावे.

दोन झोत मिळून येणारे वस्तुमान एकाच आकड्याजवळ पुन्हा पुन्हा साचले, तर तिथे नवा जड कण असू शकतो. असा कण अजून हाती लागलेला नाही. शोध चालू आहे.