न लागणारी गोळी

पडद्यावर नॉर्मंडीतलं एक शेत आहे. पलीकडच्या दगडी भिंतीआड तीन जर्मन सैनिक दबा धरून बसलेत आणि त्यांच्या डोक्यांवर हवेत एक लाल वर्तुळ तरंगतंय. तुम्ही नेम धरून रायफल झाडता, भिंतीचा टवका उडतो. पुन्हा झाडता, पुन्हा टवका. एकही माणूस पडत नाही. पण वर्तुळातला लाल रंग हळूहळू ओसरतो आणि त्याजागी करडा चढू लागतो. ते पुरतं करडं झालं की भिंतीपलीकडची डोकी खाली जातात आणि तिकडून येणारा मारा तुटक, अंदाधुंद होतो. तुमची एकही गोळी लागली नाही, तरी काम फत्ते झालेलं असतं!

हा खेळ म्हणजे ‘ब्रदर्स इन आर्म्स : रोड टू हिल ३०’. टेक्सासच्या गिअरबॉक्स सॉफ्टवेअर कंपनीने तो २००५च्या मार्चमध्ये आणला. ६ ते १३ जून १९४४ या आठ दिवसांची ही कथा. अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधला सार्जंट मॅट बेकर हे काल्पनिक पात्र म्हणजे तुम्ही. एकट्याने अख्खी पलटण लोळवणाऱ्या नायकांची सवय असलेल्यांना इथे पहिल्या दहा मिनिटांतच धक्का बसतो, कारण हातातली बंदूक स्थिर राहत नाही. नेम डोलतो. अनेक खेळाडूंनी त्याबद्दल कुरकुर केली. मला मात्र तो या खेळाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. नेमबाजीवर भागणार नाही हे कळलं, की माणूस जमिनीकडे पाहायला लागतो.

बेकरच्या हाताखाली बहुतेक वेळा दोन टोळ्या असतात. एक फायर टीम, म्हणजे सतत मारा करणारी. तिच्याकडे वीस गोळ्यांची बीएआर ही स्वयंचलित रायफल आणि साध्या रायफली. दुसरी असॉल्ट टीम, म्हणजे धावून जाणारी. तिच्याकडे जवळून चालवायच्या थॉम्पसन बंदुका. बटण दाबून धरलं की जमिनीवर खूण उमटते; ती जिथे ठेवाल तिथे माणसं पळत जाऊन आडोसा घेतात. खूण शत्रूवर नेली की त्याच्यावर मारा सुरू होतो. सूत्र चार पायऱ्यांचं: शत्रू शोधा, त्याला जागच्या जागी खिळवा, बगल गाठा, संपवा. ही अमेरिकी सैन्याच्या शिकवणीतली पद्धत, आणि ती खेळात मुरवायला जॉन अँटल हे निवृत्त कर्नल सल्लागार होते. कबड्डी खेळलेल्याला ती लगेच उमगेल. एका कोपऱ्याने चढाई करणाऱ्याची नजर आपल्यावर अडकवून ठेवायची, तेवढ्यात दुसऱ्याने पट काढायचा.

आता ते वर्तुळ. यंत्राला भीती कशी वाटते? मुळात तो एक आकडा असतो. जवळून गोळी गेली की वाढणारा, मारा थांबला की उतरणारा. आकडा चढला की त्या सैनिकाने डोकं काढायचं नाही, काढलंच तर नेम धड धरायचा नाही. इतकंच. पण आकडा उतरतो, या एका गोष्टीत सगळा थरार साठलेला आहे. असॉल्ट टीमला लांबच्या वळणाने पाठवलं आणि मध्येच फायर टीम गोळ्या भरायला थांबली, तर करडं वर्तुळ पुन्हा लाल व्हायला लागतं, आणि तुमची माणसं त्या क्षणी उघड्या गवतात असतात.

खऱ्या रणांगणावर हा आकडा कानातून आत शिरतो. अमेरिकी सैनिकांच्या गॅरंड रायफलची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने सुटते. आवाज जातो ३४० मीटरने. म्हणजे गोळी आवाजाच्या पुढे पळते. समोरच्या माणसाला आधी कानाशी कडाड् असा फटका ऐकू येतो आणि बंदुकीचा बार मागाहून पोचतो. बार ऐकून खाली वाकावं म्हटलं, तर तेवढा वेळच नाही. जर्मन एमजी ४२ मशीनगन मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या ओकायची, सेकंदाला वीस. कानाला वेगवेगळे बार ओळखूच येत नाहीत, एक सलग आवाज होतो.

आणि आणखी एक नवल. २०२१ साली पूर्ण रूपात आलेल्या ‘हेल लेट लूज’ या खेळात पन्नास विरुद्ध पन्नास अशी खरी माणसं एकमेकांसमोर असतात. डोक्यावर वर्तुळ नाही. जवळून गोळ्या गेल्या की तुमचा पडदा धूसर होतो. मेलं तरी थोड्या वेळात पुन्हा मैदानात येता येतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही घरात खुर्चीवर बसलेला माणूस कीबोर्डवर बोट दाबून खाली वाकतो!

सूत्र चालतं ते मात्र जमीन चालू देईल तिथेच. नॉर्मंडीतली शेतं लहान, आणि प्रत्येकाभोवती मातीचे उंच, जुने बांध, वर दाट झाडी. प्रत्येक बांध शत्रूला आडोसा आहे आणि तुम्हालाही. गिअरबॉक्सच्या लोकांनी तिथे जाऊन जागा पाहिल्या, युद्धकाळातले विमानातून काढलेले फोटो आणि लढाईनंतरचे लष्करी अहवाल चाळले. खेळ थांबवून मैदान वरून न्याहाळायची सोय आहे. त्या दृश्यात बांधांची जाळी दिसते आणि बगलेची वाट बोटाने आखता येते.

मग खेळात येतो कॅरेंटन गावाकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना पाण्याखाली गेलेली दलदल, मध्ये उंच भरावावरून सरळ रस्ता, वाटेत चार पूल. इथे बगल कुठून आणणार? बाजूला पाणीच आहे. ११ जून १९४४ रोजी लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट कोल यांची बटालियन या वाटेच्या शेवटी जर्मन माऱ्याखाली अडकली. त्यांनी तोफखान्याकडून धुराचा पडदा मागवला, संगिनी चढवायला सांगितल्या आणि समोरच धाव घेतली. त्यासाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर जाहीर झालं, पण ते हाती पडण्याआधीच, सप्टेंबरात, ते नेदरलँड्समध्ये मारले गेले. खेळातही हा प्रसंग येतो, आणि तोवर अंगवळणी पडलेलं सूत्र हातातून सुटल्याची जाणीव पोटात खड्डा पाडते.

इथे मला नाईक यशवंत घाडगे आठवतात. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव परिसरातले, वय बावीस, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. कोल यांच्या त्या धावेनंतर महिनाभरातच, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. खिळवून ठेवायला मागे फायर टीम उरली नव्हती. ते एकटेच सरळ मशीनगनवर धावले. हातबॉम्बने गन आणि गनर दोन्ही संपवले, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. लगेच शत्रूच्या स्नायपरांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

गिअरबॉक्सने कॅरेंटनसाठी जी मेहनत केली, ती कुणीतरी टायबरच्या खोऱ्यासाठी करावी, असं मला मनापासून वाटतं. अहवाल शोधावेत, ती जागा पायी तुडवावी, बांध कुठे आणि उघडं मैदान किती हे मोजावं. खेळाडू मराठा सेक्शनचा नाईक असावा, आणि त्याची माणसं आपसात मराठीत बोलावीत.