शब्द एक, अर्थ अनेक

बंगळूरच्या इंदिरानगर या वसाहतीत प्रथमच जाणारा मराठी पाहुणा पत्ता हाती असूनही क्षणभर थबकतो. ‘एच. ए. एल. दुसरे स्टेज’, ‘बारावा मेन’, अमुक ‘क्रॉस’ असे शब्द त्यात असतात. स्टेज म्हणजे रंगमंच, मेन म्हणजे मुख्य आणि क्रॉस म्हणजे ख्रिस्ती बांधवांचा क्रूस, एवढे त्याला ठाऊक असते. येथे मात्र स्टेज म्हणजे वसाहत उभारणीतील एक टप्पा, मेन म्हणजे क्रमांक दिलेला रस्ता आणि क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा आडवा रस्ता. मेन अनेक असले, तरी ते सारेच हमरस्ते असतात असे नव्हे!

एका शब्दाला इतके अर्थ येतात कोठून? स्टेजचेच पाहा. त्याचे मूळ ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. उभे राहण्याची जागा म्हणून तो नटांचा रंगमंच झाला. घोडागाडीच्या प्रवासात तो मुक्कामाचे ठिकाण झाला, मग दोन मुक्कामांमधील मजल झाला. आणि त्यावरून कामाचा टप्पा किंवा रोगाची अवस्था, हे अर्थही त्याला लाभले.

अर्थाची चूक पत्त्यात झाली, तर फार तर पायपीट वाढेल. पण ‘चार्ज’ हा शब्द घ्या. इंग्रजीत हे क्रियापद एकाच शब्दयोगी अव्ययासह एखाद्यावर काम सोपवल्याचे सांगते आणि आरोप ठेवल्याचेही सांगते. कचेरीच्या पत्रात त्यापुढे ‘निधीची व्यवस्था’ असे आले, तर तो विश्वास होय. ‘निधीचा अपहार’ असे आले, तर प्रकरण फौजदारीचे होय. पहिले दोन-तीन शब्द वाचूनच अर्थ लावणारा वाचक घरातील कर्त्या माणसाची अब्रू विनाकारण टांगणीला लावील.

या शब्दाचे मूळ आहे गाडीत ओझे भरणे. ते ओझे बंदुकीत दारूचे, माणसावर कामाचे वा गुन्ह्याचे, आणि गिऱ्हाइकावर पैशाचे झाले. मराठीत आपण त्यासाठी वेगवेगळे शब्द योजतो. अधिकारी बदलला की तो ‘कार्यभार’ सोपवतो, पोलीस न्यायालयात ‘आरोपपत्र’ दाखल करतात, विजेच्या देयकात ‘स्थिर आकार’ असतो, पदार्थविज्ञानात ‘विद्युतभार’ असतो आणि जमावावर ‘लाठीमार’ होतो. यांतील दोन शब्दांत तोच ‘भार’ पुन्हा आला आहे, हे चतुर वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. आणि ‘आरोप’ म्हणजेही मुळात एकावर दुसरे ठेवणेच!

यावरून इंग्रजी भाषा मोठी लहरी, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आपले ‘लागणे’ हे क्रियापद आठवा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, घराला आग लागते, प्रवासाला पैसे लागतात आणि एखादा गृहस्थ नात्याने आपला मामाही लागतो! मराठी शिकणाऱ्या परभाषिकाने या साऱ्यांसाठी एकच प्रतिशब्द मागितला, तर आपण त्याला काय सांगू? आपण हे अर्थ कोशातून शिकलो नाही. आईच्या तोंडच्या वाक्यांतून शिकलो.

म्हणूनच मुलांच्या वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा एकच मराठी अर्थ, अशी यादी असेल, तर तेथे तिसरा रकाना आखून द्यावा. त्यात तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे. पुन्हा नव्या अर्थाने भेटला, की नवे वाक्य जोडावे. कोश उघडला, तर पहिल्याच अर्थावर न थांबता आपल्या वाक्यात बसणारा अर्थ सापडेपर्यंत खाली वाचत जाण्याची सवय लावावी. माणसाप्रमाणे शब्दाचीही ओळख त्याच्या संगतीवरून पटते.