मुलाखतीत ‘ताण कसा हाताळता?’ विचारलं तर...

● आयबीपीएसच्या बँक पीओ मुलाखतीला १०० गुण असतात. अंतिम यादीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं प्रमाण ८०:२०.

● ‘मला ताण येतच नाही’ हे उत्तर अंगाशी येतं.

● प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने एकच खरा अनुभव सांगा. हीच ‘स्टार’ पद्धत.

● नमुना : ‘स्नेहसंमेलनात ऐनवेळी जनरेटर बंद पडला. प्रेक्षकांना कारण सांगितलं, एकाला मेकॅनिककडे पिटाळलं, तोवर टॉर्चच्या उजेडात नकला चालू ठेवल्या. अर्ध्या तासात दिवे आले. पुढच्या वर्षी जनरेटर आदल्या दिवशीच तपासला.’

● चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका.

● दोन मिनिटांत आटपा. पाठ केलेलं उत्तर पॅनेल लगेच ओळखतं. स्वतःचाच प्रसंग निवडा.