पंखावरचे ऊन: सौर मॉडेल विमाने आणि ड्रोन यांविषयीचे सहा गैरसमज

“ड्रोनवर सोलर पॅनेल बसवले तर तो दिवसभर उडेल ना?” मॉडेल विमाने उडवायला मैदानावर गेले की हा प्रश्न कोणीतरी विचारतेच, आणि तो अगदी रास्त आहे. मात्र उत्तर शोधायचे तर पॅनेलच्या आधी विमानाची भूक पाहावी लागते. हवेत टिकून राहायला त्याला किती वॅट लागतात? भूक थोडी असेल तर ऊन पुरते. जास्त असेल तर कितीही चांगले पॅनेल आणा, ते कमीच पडते. पुढचे बहुतेक गैरसमज हा हिशोब न मांडल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज 1: ही अगदी अलीकडची कल्पना आहे.

वस्तुस्थिती: या कल्पनेने पन्नाशी ओलांडली आहे. 4 नोव्हेंबर 1974 रोजी कॅलिफोर्नियात रॉबर्ट बाउचर यांचे ‘सनराइज’ हे वैमानिक नसलेले विमान उन्हाच्या जोरावर सुमारे 20 मिनिटे उडाले. ऑगस्ट 1976 मध्ये जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांचे ‘सोलारिस’ हे मॉडेल 50 मीटर उंचीपर्यंत गेले. आणि 1981 मध्ये पॉल मॅकक्रेडी यांच्या ‘सोलर चॅलेंजर’ने माणसाला घेऊन इंग्लिश खाडी पार केली. सेल आता जास्त वीज देतात आणि बॅटऱ्या हलक्या झाल्या आहेत, पण मूळ गणित तेच आहे.

गैरसमज 2: कोणत्याही ड्रोनवर पॅनेल चिकटवले की काम झाले.

वस्तुस्थिती: चार पंख्यांच्या ड्रोनचे सगळे वजन पंख्यांनाच सतत उचलून धरावे लागते. 250 ग्रॅमच्या आतल्या एखाद्या ड्रोनची बॅटरी 18 वॅट-तासांची असेल आणि तो अर्धा तास उडत असेल, तर त्याला सरासरी 36 वॅट लागतात. 125 मिलिमीटर चौरस आकाराचा चांगला सिलिकॉन सेल भर उन्हात सुमारे 3.4 वॅट देतो, आणि एवढ्याशा ड्रोनच्या पाठीवर असा एखादाच सेल मावेल. म्हणजे गरजेचा दहावा हिस्साही हाती येत नाही, वर सेलचे वजन वाढते ते वेगळेच.

हे अगदी अशक्य आहे असे मात्र नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने 2018 मध्ये केवळ उन्हावर 10 मीटरच्या वर जाणारा चार पंख्यांचा ड्रोन दाखवला. त्यावर 148 सेल होते आणि वजन होते 2.6 किलो. म्हणजे पॅनेल ड्रोनवर बसवलेले नव्हते, ड्रोनच पॅनेलभोवती रचलेला होता.

ऊन खरे मानवते ते ग्लायडरला. 2 मीटर पंखांचा, 1 किलोचा चांगला ग्लायडर मोटर बंद असताना सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाली येतो. ही घट भरून काढायला 5 वॅट पुरतात. मोटर आणि प्रोपेलर (प्रॉप) यांतली गळती धरली तरी 10 ते 15 वॅटमध्ये तो एकाच उंचीवर राहतो. त्याच्या पंखावर असे 14 सेल बसतात, म्हणजे कागदावर जवळपास 48 वॅट झाले.

गैरसमज 3: कागदावरचे वॅट हवेतही मिळतात.

वस्तुस्थिती: तो आकडा चौरस मीटरला 1000 वॅटचे ऊन सेलवर सरळ पडत असताना आणि सेल 25 अंशांवर असतानाचा आहे. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असेल तर आडव्या पंखाला त्याच उन्हाचा निम्माच भाग मिळतो. विमान वळताना एक पंख उन्हाकडे झुकतो आणि दुसरा पाठ फिरवतो. सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर शेपटीची सावली पडली तरी साऱ्या रांगेचा प्रवाह अडतो. म्हणून रांगेचे भाग पाडून बायपास डायोड लावतात आणि सेल व बॅटरी यांच्यामध्ये एमपीपीटी सर्किट बसवतात. ऊन कमीजास्त झाले तरी ज्या व्होल्टेजला सर्वाधिक वीज मिळते, तिथे ते सेलला धरून ठेवते.

सेल हाताळताना या कामातली नाजुकी कळते. तो केसाच्या जाडीपेक्षा फारसा जाड नसतो आणि वजन जेमतेम 7 ग्रॅम. पंखाच्या हलक्या बाकाशी तो एका दिशेने जुळवून घेतो, पण कोपऱ्यावर बोट जरा जास्त दाबले की पापडासारखा कट्‌कन मोडतो. माझ्या पहिल्या पंखावर सोल्डरिंग करताना असे तीन सेल गेले. तेव्हापासून मी सेल गादीदार फोमवर पालथा ठेवतो, टॅबना आधी कल्हई करून घेतो आणि सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवतो.

गैरसमज 4: सौर विमानाला बॅटरी लागत नाही.

वस्तुस्थिती: लागते, आणि बहुधा तीच सर्वांत जड वस्तू असते. उड्डाणाच्या वेळी, ढग आडवा आला तर, वाऱ्याचा झोत सावरताना लागणारा जोर तिच्यातूनच येतो. रात्र काढायची तर ती आणखी मोठी लागते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आंद्रे नोथ यांनी घडवलेले ‘स्काय-सेलर’ 2008 मध्ये 27 तास उडाले. सुमारे अडीच किलोच्या त्या विमानात एक किलोहून जास्त वजन एकट्या बॅटरीचे होते. त्याच विद्यापीठाचे ‘अटलांटिकसोलर’ जुलै 2015 मध्ये सलग 81 तासांहून जास्त हवेत राहिले. 2022 मध्ये 25 मीटर पंखांच्या ‘झेफिर’ने 64 दिवस गाठले. दिवसा साठवायचे आणि रात्री पुरवून वापरायचे, हीच सर्वांची रीत होती.

गैरसमज 5: आपल्याकडे ऊन भरपूर, म्हणजे आपल्याकडे सगळे सोपे.

वस्तुस्थिती: सेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉन सेल तापला की दर अंशामागे त्याची वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. एप्रिलच्या दुपारी मैदानात ठेवलेला काळा पंख 65 अंशांपर्यंत तापला, तर बारा ते सोळा टक्के वीज उड्डाणाआधीच गेली. हवेत गेल्यावर वारा त्याला थंड करतो, म्हणून उडवायच्या क्षणापर्यंत पंख पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवावा. उष्णता बॅटरीलाही बाधते. जगप्रदक्षिणेत अहमदाबाद आणि वाराणसीला उतरलेल्या ‘सोलर इम्पल्स 2’च्या बॅटऱ्या 2015 मध्ये जपान ते हवाई या टप्प्यात तापून बिघडल्या आणि पुढचा प्रवास एप्रिल 2016 पर्यंत थांबला.

रात्रभर उडायचे तर रात्रीची लांबीही मोजावी लागते. जूनअखेर झुरिकला दिवस जवळपास 16 तासांचा असतो, पुण्यात 13 तासांचा. म्हणजे आपल्याकडे बॅटरीला तीन तास जास्त पुरायचे असते, आणि तेव्हाच नेमके पावसाळी ढग दाटलेले असतात. आपला खरा हंगाम हिवाळ्यातली निरभ्र, थंड सकाळ. पण तेव्हा रात्र आणखी मोठी होते, म्हणून आपले ध्येय दिवसाच्या उड्डाणाचे असावे.

गैरसमज 6: सौर आहे, म्हणजे नियमांतून सुटका.

वस्तुस्थिती: भारताच्या ड्रोन नियम 2021 मध्ये वर्ग ठरतो तो एकूण वजनावर. 250 ग्रॅमपर्यंतचे ते नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचे मायक्रो. 245 ग्रॅमच्या ड्रोनवर 7 ग्रॅमचा एक सेल चढवला की वर्ग बदलला. विमानतळाजवळचे निर्बंध तर सौर विमानालाही तसेच लागू आहेत.

हे करून पाहायचे असेल तर सेल सर्वांत शेवटी विकत घ्या. आधी साधा हलका ग्लायडर बांधा, बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये नोंद ठेवणारा वॅटमीटर जोडा, आणि वारा पडलेल्या सकाळी विमान एकाच उंचीवर सरळ उडवून आकडा वाचा. 40 वॅट दिसले तर मोठा प्रॉप लावून पाहा, वजन उतरवा, पंख घासून गुळगुळीत करा आणि पुन्हा मोजा. हा आकडा 15 च्या आसपास आला, की त्या पंखावर सेल चढवायची वेळ झाली.