डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिवाळी होते आणि दोन-तीन सेकंदांत दिवे विझतात. पण एखाद्या दिवशी एक पिवळा दिवा तसाच राहतो. घोड्याच्या नालेसारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. काही जण तिकडे बघतच नाहीत, तर काही जण घाबरून वर्कशॉप गाठतात आणि सांगतील तेवढे पैसे मोजतात. दोन्ही चूकच. दिव्याचं म्हणणं एवढंच आहे : "बाबा रे, आधी हवा मोज!"

त्याला हे कळतं कसं? पद्धती दोन. पहिलीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींनी दाब कळवतो. दुसरी स्वस्त. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते जास्त फेरे मारतं. एबीएसचे सेन्सर हा फरक पकडतात. मात्र चारही चाकांतली हवा सारखीच उतरली, तर ही पद्धत सहसा फसते.

आता थोडं अकरावीचं फिजिक्स. टायर २७ अंशांवर असताना ३३ पीएसआय हवा भरली आणि पळून टायर ५७ अंशांवर गेलं, तर दाब जवळपास ३८ होतो. हे चालायचंच, गरम टायरची हवा काढू नका. उलट, दुपारी गरम (३७ अंश) टायरमध्ये २८ पीएसआय असेल, तर डिसेंबरात सेवाग्रामच्या पहाटे, १० अंशांवर, २४ च राहते. ३३ च्या पाव हिस्सा कमी म्हणजे सुमारे २५. झालं, दिवा लागला! पंक्चर नाही, पण हवा कमी हे खरंच. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी थंड असताना मोजावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्यावा, टायरवर छापलेला कमाल दाबाचा नाही.

खर्चाचं काय? दिवा स्थिर असेल तर हवा भरा आणि गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे रीसेट करा. दोन दिवसांत पुन्हा लागला, तर पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह समजा. हे काम पंक्चरवाल्याकडे थोडक्यात होतं. पण सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड यंत्रणेतच असतो. सेन्सरची बॅटरी काही वर्षांनी संपते आणि बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. तो खर्च मोठा. म्हणून टायर उतरवताना "भाऊ, आत सेन्सर आहे, पट्टी जपून लावा" असं आधीच सांगावं.

२०२० च्या नियमबदलानंतर ही यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. अशा गाडीत तर हा दिवा फारच महत्त्वाचा.

आपल्याला येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढता येतं. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवा कमी असली की टायरच्या कडा सतत दुमडतात, तापतात आणि शेवटी फाटतात. सुट्टीत सिनिअरच्या गाडीतून चौघं-पाचजण निघालात आणि तो दिवा दिसला, तर लाजू नका. महामार्गावर चढायच्या आधीच गाडी थांबवायला सांगा. हवेला पाच मिनिटं लागतात. घरचे तेवढी वाट बघतील.