नेटवर्कवरून उभारलेल्या संगणकाची खातरजमा

पीएक्सई पद्धतीने नेटवर्कवरून संगणक सुरू होताना आरंभीची फाइल बहुधा ज्या टीएफटीपी नियमाने येते, त्यात प्रेषकाची ओळख पटवण्याची तजवीजच नसल्यामुळे, विश्वासाचा पाया अन्यत्र घालावा लागतो. डेबियन प्रणालीत ‘रिलीज’ नामक फाइलीवर डिजिटल स्वाक्षरी असते; तीत पॅकेज-याद्यांचे, आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचे, ६४ अक्षरांत लिहिले जाणारे एसएचए-२५६ ठसे नमूद असल्याने, ठसा न जुळलेले पॅकेज नाकारले जाते. उभारणीनंतर टीपीएम ही चिप बूटच्या टप्प्यांची मापे सुरक्षित ठेवून, मागणी होताच त्यांचा स्वाक्षरीयुक्त दाखला देते. परंतु स्वाक्षरी पडताळणारी मूळ किल्लीच असुरक्षित वाटेने आली असेल, तर पुढील सारी तपासणी व्यर्थ होय. म्हणून तिची खातरजमा स्वतंत्र मार्गाने प्रथम करावी.